नाशिकची लोगन मागे पडली, डिझायर पुढे गेली: चांगला माल का हरतो?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका वाक्यावर बोललो. "सर, माझा माल समोरच्यापेक्षा चांगला आहे आणि स्वस्तही आहे, तरी लोक त्याच्याकडेच जातात." प्रत्येक बॅचमध्ये हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतंच. कधी मसालेवाला म्हणतो, कधी सीसीटीव्ही बसवणारा, कधी घरगुती डबा देणाऱ्या ताई. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून तिथे जी केस दोन मिनिटांत उरकली ती इथे नीट मांडतो. केस आपल्या नाशिकचीच आहे, सातपूरच्या गेटमधून बाहेर पडलेल्या गाडीची.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर वाद घालायला सोपं जाईल. गिऱ्हाईक फक्त किंमत मोजत नाही, ते आपली धाकधूकही मोजतं. ज्या मालात पैसे वाचतात त्यापेक्षा ज्या मालात झोप चांगली लागते, तो माल जास्त विकला जातो. लोगन आणि डिझायर या दोन गाड्यांच्या गोष्टीत हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

## आधी केस समजून घ्या

फ्रान्सच्या रेनॉने १९९९ मध्ये रुमानियाची डाचिया कंपनी ताब्यात घेतली. तिथून पाच हजार युरोंच्या आसपास मिळेल अशी, मजबूत आणि साधी फॅमिली कार काढायची असं त्यांनी ठरवलं. २००४ मध्ये ती आली, नाव लोगन. खर्च कमी करण्यासाठी इंजिनिअरांनी काय काय डोकं चालवलं बघा. बाहेरचे दोन्ही आरसे एकसारखे, म्हणजे डावीकडचा उजवीकडे चालतो, साचा एकच. डॅशबोर्डचा मोठा भाग एकाच तुकड्यात ओतलेला. अनावश्यक नक्षी नाही, वळणं नाहीत. कारखानदारीच्या दृष्टीने बघितलं तर हात जोडावेत असं काम.

भारतात ही गाडी आणायला महिंद्रा आणि रेनॉ एकत्र आले. भागीदारीत महिंद्राचे ५१ टक्के, रेनॉचे ४९ टक्के. गाडी बनणार महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात, जिथून २००२ पासून स्कॉर्पिओ निघत होती. एप्रिल २००७ मध्ये लोगन बाजारात आली. आत बसलेल्याला विचारा, तो आजही सांगेल की मागच्या सीटवर तीन मोठी माणसं ऐसपैस बसायची. डिकी ५१० लिटरची. लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब, बॅगा आणि वर लाडवांचा डबा, सगळं मावायचं. डिझेल इंजिन रेनॉचं १.५ लिटर, काटकसरी आणि दणकट.

पुढच्याच वर्षी, मार्च २००८ मध्ये, मारुतीने स्विफ्ट डिझायर आणली. स्विफ्ट ही छोटी गाडी २००५ पासून तुफान चालत होती. तिलाच मागे डिकी जोडली आणि सेडान केली. डिकी ४४० लिटरची, म्हणजे लोगनपेक्षा लहान. मागची सीट लोगनपेक्षा अरुंद. किंमत साधारण त्याच पट्ट्यातली. डिझेल इंजिन १.३ लिटर, मूळ फियाटचं तंत्रज्ञान.

कागदावर बघितलं तर जागा, डिकी आणि दणकटपणा या तिन्हींत नाशिकची गाडी पुढे. बाजारात काय झालं? लोगनची सुरुवात बरी झाली, मग विक्री वर्षागणिक घसरत गेली. २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली. २०११ मध्ये त्याच गाडीचं नाव व्हेरिटो झालं. २०१३ मध्ये तिची छोटी आवृत्ती व्हेरिटो व्हाइब आली, तीही चालली नाही. २०१६ मध्ये विजेवरची इ-व्हेरिटो आली आणि पुढे हे घराणंच बंद झालं.

आणि डिझायर? २०१८ या वर्षात २ लाख ६४ हजारांहून जास्त डिझायर विकल्या गेल्या. आल्टोला मागे टाकून ती त्या वर्षी देशातली सर्वांत जास्त खपणारी गाडी ठरली. एक सेडान, डिकीवाली गाडी, छोट्या गाड्यांच्या देशात पहिली आली.

## "टॅक्समुळे झालं" हे उत्तर अर्धंच खरं

ही केस सांगितली की गाड्यांमधला जाणकार लगेच हात वर करतो. "सर, चार मीटरचा नियम!"

नियम खरा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्के केलं. अट अशी की लांबी ४ मीटरच्या आत हवी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत हवं. लोगनची लांबी ४.२ मीटरच्या वर. म्हणजे सवलत गेली. २०१२ मध्ये मारुतीने नवी डिझायर बरोबर ३,९९५ मिलिमीटरची केली आणि सवलत खिशात टाकली.

पण तारखा नीट बघा. २००८ ते २०११ या काळातली पहिली डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती! म्हणजे त्या चार वर्षांत दोघींनाही सवलत नव्हती. दोघींवर सारखाच कर. तरीही डिझायरसाठी वेटिंग असायचं आणि लोगन शोरूममध्ये उभी राहायची. शर्यतीचा निकाल कराआधीच लागलेला होता. कराने नंतर फक्त अंतर वाढवलं.

धंद्यात हे फार होतं मित्रांनो. हरल्यावर आपल्याला बाहेरचं कारण सापडतं. जीएसटी, ऑनलाइनवाले, रस्त्याचं काम, समोर झालेलं नवीन दुकान. कारण खोटं नसतं, पण बहुतेक वेळा ते दुसरं कारण असतं. पहिलं कारण आपल्याच गल्ल्याजवळ बसलेलं असतं.

## मग खरं कारण काय? धाकधुकीचा हिशेब

पहिली सेडान घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी असेल, किंवा अंबडला छोटं वर्कशॉप असेल. आयुष्यात घरानंतरची ही सर्वांत मोठी खरेदी. पाच वर्षांचा हप्ता. त्याच्या मनात चार प्रश्न असतात. डिकी किती लिटरची, हा त्यात नसतोच.

प्रश्न पहिला: बंद पडली तर?

मारुतीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावातही सापडतं. ते नसेल तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला मारुतीचं काम येतं, कारण त्याने धंद्याची सुरुवातच मारुती आठशेवर केलेली असते. डिझायर तर स्विफ्टचीच बहीण. स्विफ्टचे पार्ट दोन-तीन वर्षं आधीपासून बाजारात फिरत होते. लोगनचं तसं नव्हतं. गाडी नवी, इंजिन नवं, पार्टचं नाव मिस्त्रीला नवं. मिस्त्रीने नुसतं "ह्याचं सामान मिळत नाही हो साहेब" म्हटलं की संपलं. ते खरं आहे की नाही, हे कोणी तपासत नाही.

लक्षात घ्या, मिस्त्री हा कंपनीचा माणूस नाही. त्याला पगार नाही, कमिशन नाही. पण गाडी घ्यायची की नाही हे ठरवताना घरातला माणूस शोरूमच्या सेल्समनपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

प्रश्न दुसरा: विकायची वेळ आली तर?

इथे थोडं गणित करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, खरे धरू नका. समजा पहिली गाडी साडेपाच लाखांची, दुसरी सहा लाखांची. पाच वर्षांनी पहिली दोन लाखांत जाते, दुसरी सव्वातीन लाखांत. मग पहिली गाडी वापरायला खर्च आला साडेतीन लाख आणि दुसरीला पावणेतीन लाख. म्हणजे जी घेताना पन्नास हजारांनी स्वस्त होती, ती विकताना पाऊण लाखाने महाग पडली.

आपला मराठी माणूस हे गणित कागदावर करत नाही, पण मनात नक्की करतो. "मारुती कधीही विकता येते" हे वाक्य म्हणजे त्याचा विमा आहे. मुलीचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, काहीही अडचण आली तर उद्या सकाळी गाडीचे पैसे होतील, ही खात्री. पन्नास हजारांचा डिस्काउंट या खात्रीची बरोबरी करू शकत नाही.

प्रश्न तिसरा: लोक काय म्हणतील?

हे बोलायला थोडं अवघड वाटतं, पण धंदा करायचा तर बोललंच पाहिजे. भारतात माणूस डिकीवाली गाडी का घेतो? फक्त सामानासाठी? नाही. डिकी म्हणजे एक पायरी वर चढल्याची खूण. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दिसली पाहिजे.

लोगन दिसायला कशी होती? साधी. चौकोनी. प्रामाणिक. ज्या काटकसरीचं इंजिनिअरांनी कौतुक केलं, तीच काटकसर गिऱ्हाईकाला पहिल्या नजरेत दिसत होती. आरसा, दरवाजा, डॅशबोर्ड, सगळीकडून गाडी सांगत होती की "मला कमी पैशांत बनवलंय." युरोपात ज्याला नवी पण स्वस्त गाडी हवी होती, त्याला हे चाललं. आपल्याकडे सेडान घेणारा स्वस्त गाडी घेत नसतो, तो आपल्या परीने मोठी गाडी घेत असतो. त्याला स्वस्त मिळालेलं आवडतं, पण ते स्वस्त दिसलेलं चालत नाही. हा फरक नीट समजून घ्या, यावर कित्येक धंदे बुडालेत.

डिझायरसुद्धा काही सुंदर गाडी नव्हती. पहिल्या डिझायरची डिकी मागे चिकटवल्यासारखी दिसते म्हणून लोक हसलेच. पण तोंड स्विफ्टचं होतं, आणि स्विफ्ट तेव्हा तरुणांच्या स्वप्नातली गाडी होती. येणारा माणूस तोंड बघतो. डिकी नंतर.

प्रश्न चौथा: ही कंपनी टिकून राहील ना?

महिंद्रा टिकणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती *या गाडीबद्दल*. आधी दोन कंपन्यांचं नाव, मग भागीदारी सुटल्याची बातमी, मग नवं नाव, मग नवा लोगो. गाडी तीच, कारखाना तोच, कामगार तेच. पण गिऱ्हाईकाने काय ऐकलं? "नवरा-बायकोचं पटलं नाही." अशा घरात कोणी मुलगी देत नाही.

याउलट डिझायर बघा. २००८, २०१२, २०१७ आणि २०२४, चार पिढ्या. प्रत्येक वेळी नाव तेच आणि गाडी नवी. लोगनच्या बाबतीत उलटं घडलं, नाव बदललं आणि गाडी जवळपास तीच राहिली. युरोपात २०१२ मध्ये लोगनची नवी पिढी आली, ती आपल्याकडे आलीच नाही.

## टॅक्सीचा शिक्का

आता एक नाजूक मुद्दा. लोगन आणि व्हेरिटो टॅक्सीवाल्यांना मनापासून आवडली. का नाही आवडणार? जागा भरपूर, डिकी मोठी, डिझेल कमी पितं, खड्ड्यांत दणकट. मुंबई-नाशिक, नाशिक-शिर्डी धावणाऱ्यांना अजून काय हवं? पण रस्त्यावर पिवळ्या पाटीची व्हेरिटो जास्त दिसायला लागली, तसा घरगुती गिऱ्हाईकाने हात आखडता घेतला. "टॅक्सी वाटते" एवढं एक वाक्य पुरतं.

मग डिझायर टॅक्सीत नव्हती का? होती! आजही ॲपवरून गाडी बोलावली तर दारात डिझायर येण्याची शक्यता मोठी. मग तिला शिक्का का बसला नाही? माझ्या मते दोन कारणं. एक, टॅक्सीत जायच्या आधी ती घराघरांत गेलेली होती. रस्त्यावर टॅक्सीच्या डिझायर दिसतात, पण शेजारच्या काकांचीही दिसते. दोन, मारुतीने टॅक्सीवाल्यांसाठी 'टूर' असं वेगळं नाव ठेवलं. २०१७ मध्ये नवी डिझायर आली तेव्हा जुन्या रूपातली गाडी टॅक्सीसाठी 'टूर' म्हणून चालू राहिली. घरगुती गिऱ्हाईकाची गाडी वेगळी दिसते, धंद्याची वेगळी. दोन गिऱ्हाईकं, दोन दारं.

तुमचा केटरिंगचा धंदा असेल आणि तुम्ही कंपनीच्या कँटीनला चाळीस रुपयांचं ताट देत असाल, तर त्याच नावाने लग्नाचं आठशे रुपयांचं ताट विकायला जाऊ नका. नाव वेगळं ठेवा, निदान मेन्यू कार्ड तरी वेगळं ठेवा. यात फसवणूक काही नाही. दोन गिऱ्हाईकांची धाकधूक वेगळी असते, म्हणून दार वेगळं.

## पुरावा हवा? डस्टर आणि बोलेरो बघा

कोणी म्हणेल, "सर, कदाचित लोगन मुळातच कमअस्सल असेल." मग हे ऐका.

२०१२ मध्ये रेनॉने भारतात स्वतःच्या बळावर डस्टर आणली आणि ती जोरात चालली. डस्टरचा पाया कोणता? ज्या प्लॅटफॉर्मवर लोगन उभी होती, त्याच घराण्यातला. डिझेल इंजिन कोणतं? तेच १.५ लिटर कुळातलं, फक्त जास्त ताकदीचं. पाया तोच, पण वरचं रूप रांगडं, रुबाबदार, एसयूव्हीचं. लोगनमध्ये जो मजबूतपणा 'साधा' वाटत होता, तोच डस्टरमध्ये 'दमदार' वाटला. इंजिनिअरिंग बदललं नाही, त्यातून निघणारा अर्थ बदलला.

दुसरा पुरावा आपल्याच महिंद्राचा. बोलेरो २००० सालापासून आहे. दिसायला लोगनपेक्षाही चौकोनी! पण दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कुठेही जा, बोलेरोचा मिस्त्री सापडतो, पार्ट सापडतो, आणि जुनी बोलेरो विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात उभं असतं. म्हणजे शहरात सेडानच्या बाजारात मारुती जी होती, तीच गावाकडे महिंद्रा होती. चार प्रश्नांची उत्तरं तिथे महिंद्राकडे तयार होती. म्हणून कोणी म्हणालं की महिंद्राला गाडी विकता येत नाही किंवा नाशिकच्या मालात दम नाही, तर मी ते अजिबात मानणार नाही. कंपनी तीच, पण एका बाजारात गिऱ्हाईकाची भीती आधीच मिटवलेली होती आणि दुसऱ्या बाजारात ती मिटवायची राहून गेली.

आणि ही जोडी तर शिकवायला सोन्यासारखी आहे. चार मीटरची सवलत मिळवायला महिंद्राने दोन गाड्या आखूड केल्या. २०१३ मध्ये व्हेरिटोची डिकी छाटून व्हाइब केली, ३,९९१ मिलिमीटरची. २०१६ मध्ये बोलेरोचा बंपर आवरता घेऊन बोलेरो पॉवर प्लस केली, ३,९९५ मिलिमीटरची. कायदा एकच, कात्रीही एकच. व्हाइब पडली, बोलेरो चालली. का? बोलेरोत कापलं ते गिऱ्हाईकाला नको असलेलं होतं. व्हाइबमध्ये कापली ती डिकी, आणि व्हेरिटो घेणारा मुळात डिकीसाठीच येत होता.

खर्च कमी करायचा म्हणून कात्री चालवता तेव्हा आधी विचारा, गिऱ्हाईक नेमकं कशासाठी येतं? मिसळवाल्याने गॅस वाचवला तर चालेल. तर्री पातळ केली की धंदा गेला.

## "सर, मारुतीकडे पैसा होता. आमच्याकडे कुठे आहे?"

हा आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. देशभर सर्व्हिस सेंटरचं जाळं उभं करायला दोन-तीन दशकं लागतात. लहान उद्योजकाला ते शक्य नाही. मोठ्याने जिंकावं यात नवल काय?

माझं उत्तर असं. तुमची स्पर्धा देशाशी नाहीच, ती तुमच्या पिनकोडशी आहे. तुम्ही पाणी शुद्ध करायचं मशिन विकत असाल तर देशभर जाळं कशाला हवं? इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, एवढ्या भागात "फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस येतो" ही ख्याती पुरते. एवढ्या भागात तुम्ही मारुती होऊ शकता आणि मोठा ब्रँड तिथे लोगन होऊ शकतो! मोठ्या ब्रँडचा टोल फ्री नंबर लागत नाही, हीच तुमची संधी.

आणि पैशाचंच म्हणाल, तर महिंद्रा आणि रेनॉ यांच्याकडे तो कमी होता का? भागीदारी दोन दिग्गजांची होती. पैशाने कारखाना उभा राहतो. गिऱ्हाईकाच्या मनातला प्रश्न समजायला पैसा लागत नाही, त्याच्या शेजारी बसावं लागतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. वेळेचाही खेळ असतो. स्विफ्टची हवा नसती तर डिझायरला एवढा वारा मिळाला नसता. नशिबाचा भाग शून्य आहे असं सांगणारा ट्रेनर तुम्हाला फसवतोय. पण नशीब दार उघडतं तेव्हा आपण दारात उभं असावं लागतं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

## तुमच्या धंद्यासाठी पाच प्रश्न

वही काढा. नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

१. माझ्या मालाचा 'मिस्त्री' कोण? तुमच्या वतीने, तुम्ही नसताना, फुकट बोलणारा माणूस. रंग विकता तर पेंटर, टाइल्स विकता तर फरशीवाला, मसाला विकता तर स्वयंपाकाच्या मावशी, पुस्तकं विकता तर क्लासचे सर. या महिन्यात अशा दहा जणांना भेटा. विकायला जाऊ नका, त्यांची अडचण विचारायला जा.

२. फसलो तर काय, याचं उत्तर माझ्या मालावर लिहिलंय का? सुटं सामान, परत घेण्याची सोय, दुरुस्तीची मुदत. "आवडलं नाही तर पाकीट फोडलेलं असलं तरी परत घेतो" ही एक ओळ दहा टक्के डिस्काउंटपेक्षा जास्त काम करते, हा माझा अनुभव.

३. माझी काटकसर गिऱ्हाईकाला दिसतेय का? काटकसर गोदामात करा, वाहतुकीत करा, विजेत करा. पाकिटाच्या छपाईत, दुकानाच्या पाटीवर, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या शर्टावर करू नका. येवल्याची पैठणी साध्या पिशवीत गुंडाळून दिली तर विणकाम बदलत नाही, पण घेणाऱ्याच्या मनातली किंमत उतरते.

४. मी किती वेळा नाव बदललं? दर वर्षी नवा लोगो, नवं पेज, नवा भागीदार. भागीदारी करण्याआधी लेखी ठरवा की वेगळं झालो तर नाव कोणाकडे राहणार. महिंद्राकडे व्हेरिटो हे नवं नाव रुजवायला पैसा होता. तुम्ही 'साई-गणेश फूड्स'मधून बाहेर पडलात आणि नाव समोरच्याकडे राहिलं, तर पाच वर्षांची पुण्याई त्याच्याकडे राहते.

५. मी माझ्या मालाच्या प्रेमात आहे की गिऱ्हाईकाच्या? सर्वांत अवघड प्रश्न. लोगन बनवणारे हुशार होते आणि मालाच्या प्रेमात होते. डिझायर बनवणाऱ्यांनी गिऱ्हाईकाला विचारलं की तुला रात्री झोप कशाने लागेल. २०१२ मध्ये तर त्यांनी डिकी ४४० वरून ३१६ लिटरवर आणली. सेडानची डिकीच लहान केली! तरी गाडी चालली, कारण ज्यासाठी लोक येत होते ते शाबूत होतं. विश्वास, मिस्त्री, पुनर्विक्री आणि डिकी *असण्याचा* मान. किती लिटर, हे फक्त लोगनवालेच मोजत बसले.

## जिंकणाऱ्यानेही झोपू नये

शेवटी डिझायरच्या बाजूने एक गोष्ट. होंडा अमेझ २०१३ मध्ये आली, टाटा टिगोर २०१७ मध्ये, ह्युंदाई ऑरा २०२० मध्ये. तिन्ही चार मीटरच्या आतल्या. कराचा फायदा आता सगळ्यांना सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटातल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, तोही सगळ्यांना. तरी डिझायर पुढे राहिली. पण मारुतीच्या गाड्यांच्या मजबुतीवर लोक बोट ठेवत होते. २०२४ च्या डिझायरने ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवले, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. गिऱ्हाईकाच्या मनात एक नवी भीती तयार झाली होती, "ठोकली तर?" पुढे असतानाही त्यांनी त्या भीतीला उत्तर दिलं.

म्हणजे भीती बदलत राहते. कालची भीती मिस्त्रीची होती, आजची सुरक्षिततेची, उद्याची चार्जिंगची असेल. आपलं काम एकच, ती सर्वांत आधी ओळखायची.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये कितीतरी जण आत्ता होम स्टे, डबा, वाहतूक, पूजा साहित्य असे धंदे सुरू करतायत. बऱ्याच जणांनी सोनं गहाण ठेवलंय, कोणी मुद्रा कर्ज काढलंय. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. "माझं ताट मोठं आहे आणि दहा रुपयांनी स्वस्त आहे" एवढ्या भरवशावर घरातलं सोनं लावू नका. बाहेरगावहून म्हाताऱ्या आईला घेऊन येणाऱ्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटते, ते आधी शोधा. स्वच्छ संडास? रात्री अकराला उचलला जाणारा फोन? आजी हरवली तर कोण शोधेल? त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर दहा रुपये जास्त घ्या, तो आनंदाने देईल.

तुमच्या गिऱ्हाईकाची सर्वांत मोठी धाकधूक कोणती, ते एका वाक्यात खाली लिहा. माल कोणता ते लिहिलं नाही तरी चालेल. निवडक उत्तरांवर पुढच्या व्हिडिओत आपण सविस्तर बोलू.

भेटूया. धंदा करा, डोळे उघडे ठेवून करा!